लोणार: बाहेर वाट नसलेल्या पाण्याच्या काठचं गाव

लोणारच्या तळ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यात चिमूटभर हळद टाकली, तर ती बघता बघता लाल होते. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावल्यावर जे होतं, तेच. क्षाराशी गाठ पडली की हळद रंग बदलते. हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणामुळे. म्हणजे सव्वा किलोमीटर रुंदीचं हे अख्खं तळं साबणाच्या पाण्यासारखं आहे. आणि त्या तळ्याभोवतीच्या उतारातूनच गोड पाण्याची एक धार बारा महिने वाहते. धारेच्या वर, काठावर, लोणार गाव आहे. २०११च्या जनगणनेत गावची लोकसंख्या तेवीस हजारांच्या आसपास होती.

गोड पाणी आत येतं आणि त्याचं खारं कसं होतं, हे एकदा नीट कळलं की या गावाचं बरंच काही उलगडतं. देवळं इथेच का दाटली, अकबराच्या दरबारात या आडबाजूच्या जागेची नोंद का झाली, २०२० साली तळं गुलाबी का झालं, आणि आज गावच्या गटारांची चर्चा न्यायालयापर्यंत का जाते, या सगळ्यांचा धागा त्या पाण्यात आहे. म्हणून आधी खड्डा, मग पाणी, आणि मग माणसं, असं जाऊ.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे, तालुक्याचं ठिकाण. जिल्ह्यातली माणसं आपल्या मुलुखाचे दोनच भाग सांगतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद, पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा आणि लोणार. इथे माळ, खडक, उथळ माती आणि विहिरीला उशिरा लागणारं पाणी. जुन्या कागदांत यांनाच पायनघाट आणि बालाघाट म्हणत. लोणार तर घाटावरच्याही अगदी दक्षिण टोकाला आहे. चार पावलं पुढे गेलं की जालना जिल्हा, म्हणजे मराठवाडा. त्यामुळे इथल्या बोलण्यात वऱ्हाडी आणि मराठवाडी दोन्ही वळणं ऐकू येतात. शेती सोयाबीन, कापूस, तुरीची, रब्बीला हरभरा. गावात हिंदू-मुसलमान दोघांची जुनी वस्ती, आजूबाजूच्या मुलुखात बंजारा तांडे.

या पठाराखाली जो काळा दगड आहे, तो दख्खनचा बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. थरावर थर. सह्याद्रीत, अजिंठ्यात, आपल्या घरांच्या जोत्यांत हाच दगड. लोणारच्या खड्ड्याच्या भिंतीत असे सहा थर उघडे पडलेले दिसतात, काही ५ मीटर जाडीचे, काही ३० मीटरपर्यंत. हे थर लक्षात ठेवा, धारेपाशी पोचल्यावर ते लागणार आहेत.

खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून पाण्यापर्यंत खोली सुमारे १५० मीटर. काठ भोवतालच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. ओल्या चिखलात दगड जोराने आपटला की खळगा तर पडतोच, पण कडाही उचलून बाहेरच्या बाजूला उलटते. इथे तेच झालं. काठाजवळ दगडाचे थर उचलून मागे वळलेले आहेत, आणि फेकला गेलेला चुरा काठाबाहेर किलोमीटरभराहून जास्त अंतरापर्यंत पसरलेला आहे.

पण हे आकाशातून पडलेल्या दगडाचं काम आहे, हे मान्य व्हायला फार वेळ लागला. कारण सरळ होतं. सगळा मुलूखच ज्वालामुखीच्या दगडाचा, तेव्हा गोल खड्डा दिसला की तो ज्वालामुखीचं तोंड असणार, असंच कुणालाही वाटेल. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली, आणि पुढची जवळपास दीडशे वर्षं भूगर्भशास्त्रज्ञ यावर वाद घालत राहिले. वादाचा निकाल लागला तो तळ्याच्या तळाला भोकं पाडल्यावर. अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी केलेला हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १०० मीटर गाळाच्या खाली त्यांना भरडलेला, चुरगळलेला बसाल्ट मिळाला, आणि त्यात मास्केलिनाइट.

मास्केलिनाइट म्हणजे न वितळता काच झालेलं खनिज. काच सहसा उष्णतेने होते: वितळवा, पटकन थंड करा. पण फेल्डस्पार नावाच्या खनिजावर एका क्षणात प्रचंड दाब आला, तर त्याच्या आतली अणूंची नीट रचना कोसळते आणि ते जागच्या जागी काच होऊन बसतं. बाहेरचा आकार तोच राहतो, आतली घडी विस्कटते. ज्वालामुखीत उष्णता भरपूर असते, पण असा दाब नसतो. हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही आपल्याच देशात पडलेल्या एका दगडात, १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीला कोसळलेल्या उल्केत. ते लोणारच्या तळाशी सापडलं आणि ज्वालामुखीचा मुद्दा निकालात निघाला. आघाताने झालेली विवरं पृथ्वीवर बरीच आहेत, पण बसाल्टमधली फार थोडी, आणि इतकं शाबूत दुसरं नाही. चंद्राच्या काळ्या डागांचा आणि मंगळाच्या बऱ्याच भागाचा दगड बसाल्टच आहे. तिथल्या खड्ड्यांत काय घडलं असेल याचा अंदाज बांधायला शास्त्रज्ञ लोणारला येतात ते यामुळे.

हे कधी घडलं? इथे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, कारण दोन आकडे सगळीकडे फिरत असतात: ५२ हजार वर्षं आणि ५ लाख ७० हजार वर्षं. दोन्ही मोजलेले आहेत, फक्त घड्याळं वेगळी. पहिलं घड्याळ असं: खनिजाच्या कणांत नैसर्गिक किरणोत्सारामुळे हळूहळू ऊर्जा साठत जाते, कण तापला की ती प्रकाश होऊन निघून जाते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत कण पुन्हा तापवायचा आणि किती उजेड निघतो ते मोजायचं. दुसरं घड्याळ दगडातल्या पोटॅशियमचं. त्याचा एक प्रकार अतिशय संथपणे आर्गॉन वायूत बदलतो. दगड वितळला की जुना आर्गॉन निसटतो आणि नव्याने साठू लागतो. २०१०च्या सुमारास आघातात वितळलेल्या दगडांवर या पद्धतीने काम झालं आणि ५ लाख ७० हजार हा आकडा आला, चाळीस-पन्नास हजार वर्षं इकडेतिकडे. वितळलेल्या दगडासाठी हे दुसरं घड्याळ जास्त भरवशाचं आहे, म्हणून मी तोच आकडा धरतो. उजेडाचं घड्याळ नंतरच्या कुठल्याही उष्णतेने पुन्हा शून्यावर येऊ शकतं. पाटीवर मात्र जुनाच आकडा वाचायला मिळाला तर नवल वाटू देऊ नका.

आता पाणी. भोवतालच्या पठारावर वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला काही मुरतो आणि बसाल्टच्या भेगांतून खाली जातो. प्रत्येक लाव्हाथराचा वरचा भाग भोकाभोकांचा, झिजलेला असतो, मधला भाग घट्ट. म्हणून पाणी घट्ट दगडावर अडतं आणि दोन थरांच्या सांध्यातून आडवं सरकत जातं. साध्या माळावर ते विहिरीत उतरतं. लोणारला मात्र हे थर सुरीने कापावेत तसे कापले गेले आहेत, त्यामुळे कापलेल्या जागी पाणी उघड्यावर येतं. गावाच्या बाजूची धार, रामगया, सीतान्हाणी हे झरे असे आहेत. उन्हाळ्यात घाटावरच्या विहिरी तळ गाठतात तेव्हाही धार चालू असते, कारण ती कुणा एका विहिरीचं नाही, मोठ्या पठाराचं साठवलेलं पाणी हळूहळू सोडते आहे.

हे पाणी खाली तळ्यात जातं आणि तिथे थांबतं. तळ्यातून बाहेर पडणारा ओढा नाही, नाला नाही, काही नाही. पाण्याला एकच वाट, वाफ होऊन वर. वाफ फक्त पाण्याची होते. पाण्यात विरघळलेलं जे काही आलं, ते मागेच राहतं.

पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी बसाल्टमधून झिरपताना त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम थोडं थोडं ओढून आणतं. जिभेला ते गोडच लागतं. पण बोअरचं पाणी रोज तापवा, पातेल्याच्या बुडाला पांढरा कडक थर धरतो. तो चुना, म्हणजे त्या पाण्यातलं कॅल्शियम. तळ्यातही पाणी आटत जाताना सगळ्यात आधी कॅल्शियमच कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. सोडियम मात्र पाण्यात राहतो, आणि त्याच्यासोबत उरलेला कार्बोनेट. सोडियम आणि कार्बोनेट मिळून काय होतं? धुण्याचा सोडा. पापडखार त्याच घराण्यातला. उसाचा रस काहिलीत आटवत न्यावा तसं हे काम हजारो वर्षं उन्हाच्या आचेवर चाललं आहे. शिवाय साधं मीठही साठतं. म्हणून तळ्याच्या मुख्य पाण्याचा सामू (पाणी आंबट की क्षारट याचं माप; ७ म्हणजे मधोमध) १०च्या वर जातो, आणि जिथे झऱ्याचं पाणी आत उतरतं तिथल्या कडेला मात्र तो ७च्या आसपास असतो. एकाच तळ्यात दोन पाणी.

गावाच्या नावातच हे आहे. लवण, लोण, लोणार. लोणचं आणि लोणारी याच मुळाचे. आणि गावाने या खड्ड्याची जी गोष्ट सांगितली आहे ती ऐकण्यासारखी आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या घरात लपून राही आणि वर येऊन लोकांना छळी. विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींकडून लपायची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने घरावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. तळ्याचं पाणी म्हणजे दैत्याचं रक्त, आणि खार म्हणजे त्याचं मांस. ही गोष्ट रचणाऱ्यांनी खड्डा डोळसपणे पाहिला होता. एका फटक्यात जमिनीचं झाकण उडालं आणि दगड दूर जाऊन पडले, हे त्यांना काठ आणि उतार बघून सुचलं असणार, असं मला मनापासून वाटतं. दैत्याला मारणाऱ्या विष्णूचं देऊळ, दैत्यसूदन, गावात आहे. चालुक्य-यादव काळातलं, कोनाकोनाचा ताऱ्यासारखा आराखडा, भिंतभर मूर्ती. तळ्याकडे धावत सुटू नका. या देवळाला निवांत अर्धा दिवस दिला तरी कमीच.

खड्ड्याच्या आत आणि उतारावर डझनभराहून जास्त देवळं आहेत, बरीचशी पडझड झालेली, साग आणि बाभळीत हरवलेली. ती कुठे आहेत ते पाहिलं तर झऱ्यांचा नकाशा हाती येतो. धारेवर गोमुख, रामगयेच्या झऱ्यापाशी रामगया, सीतान्हाणीपाशी तिचं देऊळ. न आटणारं गोड पाणी या माळावर जिथे निघालं तिथे लोकांनी देव बसवला. खाऱ्या पाण्याला टेकून आहे ती कमळजा देवी; नवरात्रात तिच्या दर्शनाला गाव आणि पंचक्रोशी खड्ड्यात उतरते. काठाबाहेर उत्तरेला अंबर तळं आहे, त्याच्याजवळ मोठ्या मारुतीची आडवी मूर्ती. अंबर तळ्यालाही काही जण लहान भाऊ मानून उल्केचा खड्डा म्हणत, पण आघाताचा तसा पुरावा तिथे मिळालेला नाही.

मुघल काळात हा भाग वऱ्हाड सुभ्याच्या मेहकर सरकारात, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागात, होता. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत लोणारची नोंद आहे, आणि ती वाचताना थक्क व्हायला होतं. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, इथे पितरांसाठी कर्म करतात, असं तो लिहितो. रामगया हे नाव त्याच आठवणीचं असावं. उंच डोंगरांनी वेढलेलं तळं, पाणी खारं, पण काही जागी गोड, हेही त्याने टिपलं आहे. आणि मग महसूल: इथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, सरकारला चांगलं उत्पन्न येतं. एका परिच्छेदात तीर्थ, रसायन आणि कर.

खार काढायची रीत ऋतूवर चाले. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या चिखलावर पांढरा थर धरायचा. तो खरवडून वाळवायचा. प्रतीप्रमाणे नावं वेगळी: दल्ला, पापडी, भुस्की. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, तरी खार काढणं चालू राहिलं. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांत स्वस्त सोडा बनू लागला, तेव्हा चिखलातून खरवडलेल्या खाराला किंमत उरली नाही. ज्या पाण्यामुळे दरबारात नाव पोचलं, त्याचा गावाला रोजच्या जगण्यात उपयोग संपला. पिता येत नाही, शेताला देता येत नाही. तळ्याच्या काठी राहून उन्हाळ्यात घागरी घेऊन फिरणं म्हणजे काय, हे घाटावरच्या बायकांना विचारावं.

जीवशास्त्रज्ञांसाठी मात्र हे पाणी अजून खाण आहे. मुख्य तळ्यात मासे नसत. पाण्याला हिरवा रंग देणारं स्पिरुलिनासारखं सूक्ष्म शेवाळ आणि सोड्यात मजेत जगणारे जिवाणू मात्र कोट्यवधी. ते खाणारे बारके किडे, आणि किड्यांसाठी येणारे पक्षी: शेकाटे, हिवाळ्यात चक्रवाक. २००० साली खड्डा आणि त्याभोवतीचा परिसर मिळून सुमारे ३.६५ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य झाला. २०२० साली लोणार रामसर यादीत गेलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं.

त्याच वर्षी जूनमध्ये तळं गुलाबी झालं. टाळेबंदीच्या दिवसांत ती छायाचित्रं सगळीकडे पोचली, आणि लवणासुराचं रक्त पुन्हा आठवलं गेलं. वनविभागाने पाण्याचे नमुने पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की ही हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची करामत आहे. यांना भरपूर मीठ लागतं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं, खार दाटला, ऊन तापलं, आणि त्यांची संख्या बेसुमार वाढली. गाजरात जो केशरी रंग असतो त्याच्या जातीचं रंगद्रव्य त्यांच्या अंगात असतं. ते त्यांना उन्हापासून वाचवतं. पाऊस पडला, खार पातळ झाला, रंग उतरला.

इथून पुढचं सांगताना माझा जीव खालीवर होतो. तळ्यातून बाहेर वाट नाही, हा नियम सोड्याला जसा लागू आहे तसाच साबणाच्या फेसाला, शेतातल्या खताला आणि मैल्यालाही. गाव नेमकं धारेच्या डोक्यावर आहे, आणि गावचा उतार खड्ड्याकडे. गावचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्याच वाटेने तळ्यात उतरत आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याची दखल घेतली, सांडपाणी शुद्ध करण्याचे आदेश निघाले. खड्ड्याच्या आत पूर्वी केळीसुद्धा लावत. ती शेती बंद झाली. वेड्या बाभळीने उतार गिळला होता, ती काढायचं काम वनविभागाने हाती घेतलं. यातलं प्रत्येक काम गावकऱ्यांच्या पोटाशी जोडलेलं आहे. ज्याचं खड्ड्यात शेत होतं त्याचं शेत गेलं, ज्याची गुरं उतारावर चरत त्याला अडवलं गेलं. तळं जगाच्या यादीत गेलं म्हणून गावाला काय मिळालं, हा प्रश्न लोणारमध्ये विचारला जातो, आणि तो रास्त आहे.

गेल्या काही वर्षांत उलटंच घडतंय. पाणी चढलंय. कमळजा देवीच्या देवळाला पाण्याने वेढलं, आणि तळ्यात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. ऐकायला बरं वाटतं, पाणी वाढलं, मासे आले! पण मासे जगतात याचा अर्थ तिथला सोडा पातळ झाला आहे. सोडा फार पातळ झाला की त्यावर जगणारं शेवाळ जातं, ते गेलं की त्यावरची साखळी हलते. पाणी वाढण्यामागे चांगला पाऊस किती, आणि भोवतालच्या गावातून, शेतांतून, बंधाऱ्यांतून मुरून येणारं पाणी किती, याचा हिशोब मांडावा लागेल. कारण एका बाजूने आत येणारं पाणी आणि दुसऱ्या बाजूने उडणारी वाफ या दोन्हींच्या तोलावर हे तळं लाखो वर्षं खारं राहिलं आहे.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा, सकाळी. मेहकर किंवा जालन्याकडून गावात उतरा, आधी दैत्यसूदन बघा, मग गल्ल्यांतून चालत धारेपाशी या. गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली उभी असलेली माणसं दिसतील. तिथे क्षणभर मागे वळून भिंतीकडे बघा. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक ओली, शेवाळलेली रेघ आडवी गेलेली असते. पाणी तिथून निघतं. रेघेच्या वरच्या दगडावर माती आहे, आणि मातीवर घरं.